अमेरिकेतल्या खेड्यात पदवीधर कमी का दिसतात?

मक्याचं_रान (धागाकर्ती)

गेली नऊ वर्षं आम्ही अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आहोत. डी मॉइन, एम्स असली शहरं नाहीत. चौफेर मका, मध्ये कोर्टाची इमारत, एक धान्याचा उंच एलेव्हेटर (कोठार) आणि वॉलमार्ट पस्तीस मिनिटांवर, असलं आयोवा. नवरा इथल्या दवाखान्यात डॉक्टर. मी दर मंगळवारी संध्याकाळी लायब्ररीच्या तळघरात मोठ्या माणसांना गणित शिकवते. मोठी म्हणजे वय वर्षं एकोणीस ते त्रेसष्ट. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी हायस्कूलला समकक्ष अशी परीक्षा असते, तिची ही तयारी. आमच्या राज्यात परीक्षेचं नाव वेगळं आहे, पण सगळे तिला जीईडीच म्हणतात.

गेल्या महिन्यात पुण्याच्या मावशीला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, अमेरिकेत कसली आलीय प्रौढशिक्षणाची गरज?" तिला उत्तर द्यायचं म्हणून आकडे शोधायला बसले आणि त्यातच अडकले.

इथे शिक्षणाची पातळी मोजतात ती पंचविशी पूर्ण झालेल्यांची, म्हणजे कॉलेजात असलेली पोरं त्यात येत नाहीत. जनगणना खात्याची दरवर्षीची पाहणी असते, तिच्यावरून शेती खात्याची आर्थिक संशोधन शाखा ग्रामीण आणि शहरी काउंट्यांची (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) तुलना करते. २००० साली ग्रामीण काउंट्यांत पदवी किंवा त्याहून जास्त शिकलेले १५ टक्के होते, शहरी काउंट्यांत २६. २०१५ मध्ये ग्रामीण १९ आणि शहरी ३३. म्हणजे खेडं पुढे सरकलं, पण शहर जास्त जोरात पळालं. अंतर ११ वरून १४ वर गेलं.

दुसऱ्या टोकाला चित्र उलटं आहे. हायस्कूलही पूर्ण न केलेले ग्रामीण प्रौढ २००० मध्ये २४ टक्के होते, ते पंधरा वर्षांत १५ वर आले. तळ भरतोय, माथा मात्र उंच होत नाही.

मला न सुटलेलं कोडं असं. आमच्या गावातली जवळजवळ सगळी मुलं हायस्कूल पास होतात, त्यातली बरीच कॉलेजला जातात. शाळा वाईट नाही, माझीच मुलगी तिथे शिकते. मग काउंटीतल्या मोठ्यांत पदवीधर इतके थोडे कसे?

---

वाचनमात्र

रुमाल टाकून ठेवतो.

---

कोकणकडा_पल्याड

कोडं कसलं त्यात? आमच्या रत्नागिरीत या.

माझ्या वर्गात दहावीला बेचाळीस जण होतो. आज गावात सहा. बाकीचे मुंबई, ठाणे, पुणे, दोघे मस्कत. शिकवलं कोणी, तर गावातल्या शाळेने. मोजले कुठे जातात, तर कल्याण-डोंबिवलीत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. याचा अर्थ आमच्याकडे मुली जास्त जन्मतात असा नाही, बाप्ये चाकरीला गेलेत असा आहे. तुमचा पदवीधरांचा टक्का त्याच जातीचा आकडा आहे. शिक्षण कुठे झालं ते तो सांगत नाही. शिकलेला माणूस आज झोपतो कुठे, ते सांगतो.

---

मक्याचं_रान

कोकणकडा, अगदी. आमच्याकडे शाळेच्या भिंतीवर दरवर्षीच्या पासआउट बॅचचे फोटो आहेत. ऑफिसातल्या बाईंना कुठल्याही फोटोवर बोट ठेवून विचारा, "हा शिकागो, ही मिनियापोलिस, हा कॅन्सस सिटी" असं धडाधड सांगतात. राहिलेल्यांची यादी छोटी आणि तीत शेती नाही तर दुकान वडिलोपार्जित असलेले जास्त.

---

टिकोजीराव

विषय चांगला, पण आकडे वापरण्याआधी दोन खडे बाजूला काढतो. (न्यू जर्सी. पोटापाण्याला हेच आकडे दळतो.)

पहिला खडा: 'ग्रामीण काउंटी' म्हणजे काय? अमेरिकेत तीन हजार एकशे चाळीसच्या वर काउंट्या आहेत. ज्या काउंटीत निदान ५०,००० वस्तीचं नागर केंद्र आहे ती महानगरी, आणि जिथले निदान पाव नोकरदार रोज अशा केंद्राकडे ये-जा करतात ती शेजारची काउंटीही महानगरीच. उरल्या त्या 'बिगर-महानगरी'. बोलताना आपण त्यांनाच ग्रामीण म्हणतो. म्हणजे ही ग्रामीणची व्याख्याच नाही, गाळणीत उरलेला चोथा आहे. शिवाय जनगणना खात्याची नागरी-ग्रामीण व्याख्या निराळीच आहे, ती काउंटी बघत नाही, वस्ती बघते. महानगरी काउंटीतही मैलोन् मैल शेती असते.

आता यात मेख काय? एखाद्या ग्रामीण काउंटीचं बरं चाललं, वस्ती वाढली, शिकलेले लोक आले, की पुढच्या जनगणनेनंतर तिला महानगरीच्या यादीत बढती मिळते. 'ब' तुकडीतली हुशार मुलं दर दहा वर्षांनी उचलून 'अ' मध्ये बसवायची आणि मग म्हणायचं की 'ब' तुकडी काही सुधारत नाही. यादी एका वर्षाची गोठवून ठेवली तरी दरी उरतेच, नाही असं नाही. पण कोणी तीस-चाळीस वर्षांचे आलेख दाखवले, तर पहिला प्रश्न हा विचारा, की यादी कोणत्या सालची?

दुसरा खडा: लहान काउंटीचे आकडे थरथरतात. टेक्ससमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं होती. तिथे एक शिक्षक जोडपं राहायला आलं की पदवीधरांचा टक्का उडी मारणार. म्हणून छोट्या जागांचे आकडे पाच वर्षांची पाहणी एकत्र करून देतात आणि शेजारी आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो ती मर्यादा छापतात. ती मर्यादा कोणी वाचत नाही. नकाशा रंगवणारे तर मुळीच नाही.

---

बेरकी_बंडू

म्हणजे मक्याचं_रान यांच्या घरातल्या दोन डिग्र्या तिथल्या टक्क्याला लागल्या असणार. काउंटीने सत्कार केला की नाही?

---

मक्याचं_रान

बंडू, सत्कार राहू दे, गाडी बर्फात रुतली की ट्रॅक्टर घेऊन येतात, तेवढं पुरे आहे :)

---

टिकोजीराव

हसण्यावारी नेऊ नका, असं होतं. न्यू मेक्सिकोतलं लॉस अलामोस बघा. कागदोपत्री बिगर-महानगरी, पण पदवीधरांच्या टक्क्यात देशात अगदी वरच्या ओळीत. अणुबाँबची प्रयोगशाळा १९४३ मध्ये तिथे गेली आणि पीएचडीवाले डोंगरावर राहायला लागले. कोलोरॅडोतली पिटकिन काउंटी, म्हणजे ॲस्पेन, श्रीमंतांच्या स्कीइंगमुळे वर. वॉशिंग्टन राज्यातली व्हिटमन विद्यापीठामुळे वर. यातल्या एकाही ठिकाणी 'खेडं शिकलं' असं झालेलं नाही, शिकलेले तिथे जाऊन राहिले.

उलटही होतं. खेड्यात तुरुंग बांधला की कैदी त्या काउंटीचे रहिवासी म्हणून मोजले जातात. २००६ पासून वार्षिक पाहणीतही ते येतात. दहा-बारा हजार वस्तीच्या काउंटीत दीड हजार कैदी असले, तर तिथलं 'प्रौढांचं शिक्षण' म्हणून जे छापून येतं त्यात शिकागोच्या किंवा ह्यूस्टनच्या कुठल्यातरी शाळेचं अपयश मिसळलेलं असतं.

---

वाचनमात्र

हे कैद्यांचं माहीत नव्हतं. टोपी काढली आहे.

---

डॉ_गल्लीतले

टिकोजीरावांचं गणित मान्य, पण सगळंच मोजणीवर ढकलू नका. मी पूर्व केंटकीत तीन वर्षं काढली आहेत. परदेशी डॉक्टरांना व्हिसासाठी जी सवलत मिळते तिची अटच ती, डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षं. आपले बरेच मराठी डॉक्टर या वाटेने गेलेत.

पहिल्या सहा महिन्यांत मला वाटलं की या डोंगरात सगळ्यांचेच चष्मे हरवतात. फॉर्म पुढे केला की "डॉक, चष्मा घरी राहिला." औषधाच्या बाटलीवरचं वाचा म्हटलं की "चष्मा ट्रकमध्ये आहे, तूच सांग ना." शेवटी आमच्या नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं, की चष्म्याचा काही संबंध नाही, त्यांना वाचता येत नाही. त्या दिवसापासून गोळ्यांच्या डब्यांवर सूर्य आणि चंद्र काढायला लागलो.

पण त्या माणसांना मूर्ख समजू नका. कोळशाच्या खाणीत अठराव्या वर्षी गेलं की मास्तरपेक्षा जास्त पगार मिळत होता. आजोबा, बाप, काका तेच करत होते. शाळेत आणखी दोन वर्षं बसणं म्हणजे दोन वर्षांची कमाई घालवणं. हिशोब चोख होता. खाणी बंद पडल्या तेव्हा मात्र चाळिशीतल्या माणसाच्या हातात कंबरदुखी, काळी फुप्फुसं आणि नववीचं प्रगतिपुस्तक, एवढंच उरलं.

याच डोंगरातली एक गोष्ट. रोवन काउंटीत कोरा विल्सन स्ट्यूअर्ट नावाच्या बाई शाळांच्या अधीक्षक होत्या. दिवसा मुलं शिकतात त्याच खोल्यांत रात्री मोठ्यांना शिकवायचं त्यांनी ठरवलं. रस्ते वाईट, दिवे नाहीत, म्हणून चांदण्या रात्री निवडल्या. नावच पडलं 'मूनलाइट स्कूल्स'. ५ सप्टेंबर १९११ ची पहिली रात्र. दीडशे लोक आले तरी खूप, असा अंदाज होता. आले बाराशे. त्यात सर्वांत थोरला विद्यार्थी ८६ वर्षांचा.

---

खडूफळा

डॉक्टरसाहेब, डोळ्यांत पाणी आणलंत. मी साताऱ्यात छत्तीस वर्षं शिक्षक होतो.

आमच्या जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा मी पाचवीत होतो. संध्याकाळी गुरुजी कंदील घेऊन मारुतीच्या देवळात बसायचे आणि आम्ही मोठी मुलं त्यांच्या हाताखाली. मी माझ्या सख्ख्या चुलत्यांना 'ग म भ न' शिकवलं. चुकले की मीच हसायचो आणि आई मला घरात नेऊन फटके द्यायची. सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, ग्रामदैवतासमोर शपथ. पण खरं सांगतो, समारंभाच्या ढोल-ताशानंतर पुढच्या दोन-तीन वर्षांत बरेच जण पुन्हा अंगठ्यावर आले. वाचायला हातात काही नव्हतं, तर अक्षर टिकेल कसं? केंटकीच्या त्या बाराशे जणांचं पुढे काय झालं असेल, हा प्रश्न मला पडतो.

---

डॉ_गल्लीतले

खडूफळा सर, बाईंना तो प्रश्न पडला होता. मोठ्यांना मुलांची पुस्तकं द्यायची नाहीत म्हणून त्यांनी खास छोटं वर्तमानपत्र काढलं, गावातल्याच बातम्या, सोप्या शब्दांत. माणसाला शेजाऱ्याची बातमी वाचायला जेवढी हौस असते तेवढी 'मांजर चटईवर बसलं' वाचायला नसते.

---

बेरकी_बंडू

सगळे गोड गोड बोलताय, म्हणून मी कडू बोलतो. खाण, शेती, चांदणं ठीक. पण दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या काउंट्यांत शिक्षण कमी राहिलं ते आपोआप नव्हे, ठेवलं गेलं म्हणून.

मिसिसिपी डेल्टात काळ्या मुलांच्या शाळांचं वेळापत्रक कापसाप्रमाणे चालायचं. वेचणी आली की शाळा बंद. आणि व्हर्जिनियातली प्रिन्स एडवर्ड काउंटी वाचा. तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांनी १९५१ मध्ये डांबरी कागदाच्या खोपटातल्या वर्गांविरुद्ध संप केला. सोळा वर्षांची बार्बरा जॉन्स पुढे होती. तो खटला १९५४ च्या ब्राऊन निकालात (सरकारी शाळांत गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवणं घटनाबाह्य ठरवणारा) सामील झाला. निकाल मिळाला, पण गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसवण्यापेक्षा काउंटीने १९५९ मध्ये सरकारी शाळांना सरळ टाळं लावलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उभी राहिली. काळ्या मुलांसाठी पाच वर्षं सरकारी शाळा नाही. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या.

तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोरगं आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. 'पंचविशीवरचे प्रौढ' या रकान्यात ते इतकी वर्षं मोजलं गेलं. रकान्यात कारण लिहायला जागा नसते.

---

टिकोजीराव

बंडू, पहिल्यांदाच तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तारीख लिहून ठेवतो.

याला जोड देतो. २०१५ च्या वर्गवारीत शेती खात्याने 'कमी शिक्षणाच्या' ४६७ काउंट्या काढल्या होत्या. निकष असा, की २५ ते ६४ वयातले निदान २० टक्के लोक हायस्कूल न झालेले. पाचातल्या साधारण चार ग्रामीण. पण नकाशावर बघा, त्या सगळ्या ग्रामीण अमेरिकेवर विखुरलेल्या नाहीत. दक्षिणेचा कापूसपट्टा, ॲपलेशियाचे डोंगर (डॉक्टरांचं पूर्व केंटकी त्यातच), टेक्ससची मेक्सिकोलगतची पट्टी, इथेच गर्दी. आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा जवळजवळ कोरे. तेव्हा 'ग्रामीण' या एका शब्दात मक्याचं_रान यांचं गाव आणि डॉक्टरांचं गाव कोंबणं हीच पहिली चूक. एकीकडे माणसं शिकून निघून जातात, दुसरीकडे शिकूच दिलं नाही किंवा शिकण्यात फायदा नव्हता. टक्का दोन्हीकडे सारखाच दिसू शकतो.

---

मक्याचं_रान

आयोवाची बाजू घेतल्याबद्दल टिकोजीरावांना एक कणीस.

मजा म्हणजे शंभर वर्षांपूर्वी इथली खेडी देशाच्या पुढे होती. १९१० मध्ये अमेरिकेत अठरा वर्षांच्या शंभर मुलांमागे जेमतेम नऊ हायस्कूल पूर्ण करायची, १९४० मध्ये पन्नासच्या आसपास. ही उडी मारण्यात मोठी शहरं मागे आणि मध्य-पश्चिमेतली छोटी गावं पुढे होती. दोन-तीन हजार वस्तीचं गाव स्वतःवर कर लावून हायस्कूल बांधायचं. आयोवाने तर १९१५ च्या राज्य जनगणनेतच लोकांना 'किती शिकलात' म्हणून विचारलं. देशाच्या जनगणनेने हा प्रश्न १९४० मध्ये घेतला, तोवर फक्त लिहिता-वाचता येतं का एवढंच.

आणि शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर! मराठी घरात या माणसाची ओळख करून द्यायला नको. कातडीच्या रंगामुळे कॅन्ससच्या कॉलेजने दारातून परत पाठवलेला हा माणूस आयोवात आला, आधी इंडियानोलाला, मग एम्सला. १८९४ मध्ये पदवी घेतली. एम्सला गेले तेव्हा त्यांच्या पुतळ्यापाशी उभं राहून मी उगाचच माहेरचं कोणीतरी भेटल्यासारखं बघत बसले. पण धाग्याशी संबंध असा, की तेही आयोवात राहिले नाहीत. अलाबामातल्या टस्कीगीला गेले आणि १९०६ पासून घोडागाडीवर अवजारं आणि बियाणं लादून शेतकऱ्यांच्या बांधावर शाळा नेली. डिग्री आयोवाची, उपयोग टस्कीगीच्या मेकन काउंटीला. या बाबतीत गेलेल्या माणसाबद्दल आयोवाने रडू नये.

---

कोकणकडा_पल्याड

मग गेलेल्यांना परत कसं आणायचं, यावर तिकडे काही चाललंय का? आमच्याकडे गणपतीत येतात आणि पाचव्या दिवशी परतीची एसटी.

---

टिकोजीराव

परत आणण्यापेक्षा राहिलेल्यांना शिकवणं स्वस्त, असा विचार काही राज्यांनी केलाय. टेनेसीने २०१८ पासून पदवी नसलेल्या प्रौढांना कम्युनिटी कॉलेजची फी माफ केली. मिशिगनने २०२१ मध्ये तसंच. पण फी हा एकच अडसर नसतो. कॉलेज चाळीस मैलांवर, पाळी रात्रीची, मूल लहान, नेट लंगडं. आणि शिकून गावातच राहिलं तर पगारात पडणारा फरक शहराएवढा नसतो. मग माणूस विचारतो की कशाला?

---

मक्याचं_रान

त्या 'कशाला'चं उत्तर मला वर्गात दर मंगळवारी वेगळं मिळतं. एकीला नर्सिंगला जायचंय. (ग्रामीण भागात पदवीचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आहे, त्याचं एक कारण हेच, की खेड्यात पदवी लागणारी जी काही नोकरी असते ती शाळेत नाही तर दवाखान्यात.) एकाला नातवाचा गृहपाठ घेता यायला हवा. मांसाच्या कारखान्यातला एक ग्वाटेमालाचा मुलगा आहे, त्याला सुपरवायझर व्हायचंय.

आणि एक त्रेसष्टीचे आजोबा. आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केले. मी फळ्यावर ७/१६ आणि ३/८ लिहून विचारलं, मोठा कोणता? गप्प. कान लाल. मग मला सुचलं आणि मी विचारलं, "३/८ चा पाना बोल्टला घट्ट होत असला, बसतच नसला तर पुढचा कोणता काढाल?" ताडकन म्हणाले, "सात-सोळांश." हाताला येत होतं, कागदाला येत नव्हतं. त्या दिवसापासून अपूर्णांक मी पान्यांवर शिकवते. आणि हो, पावकी-निमकीसुद्धा शिकवली आहे! 'पाव एके पाव' इंग्रजीत नीट बसत नाही, पण ताल धरला की सगळा वर्ग टेबल वाजवतो.

---

खडूफळा

पावकी! माझ्या शिष्यांनासुद्धा आता येत नाही, आणि आयोवात येते. औटकी पण घ्या बाई.

---

मक्याचं_रान

सर, साडेतीनचा पाढा मलाच येत नाही. तुम्ही इथे लिहून टाकलात तर उपकार होतील. येत्या मंगळवारी मक्यावर गणितं घालायची आहेत. एक बुशेल सोललेला मका म्हणजे ५६ पौंड, एवढं घेऊन कोणी दोन-चार उदाहरणं करून द्याल का?

---

वाचनमात्र

घ्या. गाडीत साडेतीन बुशेल मका आहे, वजन किती? (औटकीची सोय झाली.)

---

खडूफळा

एकशे शहाण्णव पौंड. पाढा रात्री जेवणानंतर टंकतो.